लाटणं कानाला लावून

पहाटे साडेपाचला मागच्या खोलीच्या जमिनीखाली टकटक सुरू झाली, तेव्हा सासूबाई इंग्लंडात येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. सहाला मी खाली आले तर त्या स्वयंपाकघरात शाल गुंडाळून बसलेल्या, पुढ्यात कोरा चहा.

"अगं, तुमच्या जमिनीखाली कुणीतरी सुपारी कातरतंय," त्या म्हणाल्या.

मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. "हीटिंगचा आवाज आहे तो, आई. इथे सगळ्यांच्याच घरात येतो."

"येत असेल. पण कशानं येतो?"

हे घर घेऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. आवाज आला की मी टीव्ही मोठा करत असे.

आमचं घर रेडिंगमधलं, १९३०च्या दशकातलं, एका भिंतीनं शेजाऱ्याला चिकटलेलं. बांधलं तेव्हा खोल्याखोल्यांत कोळशाच्या शेगड्या होत्या. त्या बुजवल्याच्या खुणा भिंतींवर अजून दिसतात. सेंट्रल हीटिंग मागाहून आलं. १९७० सालीसुद्धा ब्रिटनमधल्या निम्म्याहून जास्त घरांत ते नव्हतं. म्हणजे आमच्या घरात कधीतरी कुणीतरी जमिनीच्या फळ्या उचकटल्या, खालच्या लाकडी वाशांना खाचा पाडल्या, त्यांत तांब्याचे पाइप आडवे टाकले आणि फळ्या परत ठोकल्या. ते पाइप त्यानंतर कुणी पाहिलेले नाहीत.

ज्यांचा ह्या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. स्वयंपाकघरातल्या कपाटात गॅसवर चालणारा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी पाइपांतून खोल्याखोल्यांत ढकलतो, प्रत्येक खोलीत खिडकीखाली पत्र्याचा पांढरा चपटा रेडिएटर असतो (ज्यावर अख्खा देश मोजे वाळवतो), त्यातून पाणी फिरतं, खोली ऊबदार करून स्वतः निवतं आणि बॉयलरकडे परत जातं. ह्यात मला फार उशिरा कळलेली गोष्ट अशी की हे पाणी तेच ते असतं. नळाला, शॉवरला येणारं गरम पाणी वेगळं. रेडिएटरमधलं पाणी एकदा भरलं की वर्षानुवर्षं त्याच वाटेनं फिरत राहतं, अंगातल्या रक्तासारखं.

ही उपमा माझी नाही, सासूबाईंची. त्या पाटण तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एकतीस वर्षं नर्सबाई होत्या. किती बाळंतपणं केली हे त्या सांगत नाहीत. विचारलं तर "रजिस्टरात आहे" म्हणतात. कंदिलाच्या उजेडात, बाहेर पाऊस कोसळत असताना, ॲल्युमिनियमचं तुतारीसारखं नळकांडं बाईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि आतल्या बाळाचे ठोके मोजायचे, हे त्यांचं काम. मिनिटाला एकशेवीस ते एकशेसाठ असले तर ठीक. त्या नळकांड्याला पिनारचं नाव आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका फ्रेंच डॉक्टरानं ते बनवलं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असेल. आम्ही त्याला भोंगा म्हणायचो."

तर अशा बाईला तुम्ही "सगळ्यांच्याच घरात येतो" असं सांगून गप्प करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मुलीकडून एक वही मागून घेतली. रेघा मारून रकाने पाडले: वेळ, कुठे, कसा आवाज, हीटिंग चालू की बंद. बाळंतपण सुरू झालं की दर अर्ध्या तासानं ठोके लिहायचे असतात, तशी ही वही. पहिली नोंद: "५.३२. मागची खोली, जमीन. टकटक. सुरू होताना." रात्रीची: "१०.४०. तिथेच. टकटक, पण सावकाश. बंद झाल्यावर."

त्या दोन ओळींतच अर्धं निदान होतं, हे आता कळतं. मी याआधी रात्री-बेरात्री ह्या विषयावरचे किती व्हिडिओ पाहिले होते! प्रत्येकात कुणीतरी मोबाइल रेडिएटरजवळ धरून "ऐका, हाच तो आवाज" म्हणतो आणि मोबाइलमधून सगळे आवाज सारखेच ऐकू येतात. पत्र्याच्या डब्यात खडा. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो हे मोलाचं, आणि ते व्हिडिओत कळत नाही.

सुरू होताना येतो आणि बंद झाल्यावर येतो, मध्ये येत नाही, म्हणजे तापण्याशी आणि निवण्याशी त्याचा संबंध. तांबं तापलं की वाढतं. दहा मीटर लांबीचा तांब्याचा पाइप पन्नास अंशांनी तापला तर साधारण साडेआठ मिलीमीटर लांब होतो, म्हणजे शिजलेल्या भाताचं एक शीत. एवढ्यानं काय होतंय, असं वाटेल. पण तो पाइप वाशाच्या खाचेत घट्ट बसलेला आहे. तो वाढू पाहतो, लाकूड त्याला धरून ठेवतं, ताण साठतो, आणि मग तो टक्कन एक केसभर सरकतो. पुन्हा अडतो. पुन्हा टक्. पहाटे पंधरा-वीस मिनिटं ही सुपारी कातरून झाली की पाइप आपल्या पूर्ण लांबीला येतो आणि गप्प बसतो. रात्री उलट्या दिशेनं तेच.

"मग धोका नाही," सासूबाईंनी विचारलं, खरं तर सांगितलं.

"नाही. फक्त त्रास."

त्यांनी त्या नोंदीपुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

पुढचा पेशंट वरच्या मजल्यावरचा, न्हाणीघरातला रेडिएटर. त्यातून खळखळ येत असे, ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यासारखी. हा आवाज मला ओळखता येत होता. रेडिएटरच्या वरच्या भागात हवा साठते, पाणी तिच्याखालून वाहतं, म्हणून खळखळ. हात लावून पाहिलं की खाली गरम आणि वर गार लागतं. त्यावर उपायही मी करत असे: वरच्या कोपऱ्यात एक चौकोनी तोंडाचा बारीक स्क्रू असतो, त्याला पितळेची किल्ली लावून अर्धा आटा फिरवायचा, खाली फडकं धरायचं, सूंऽऽ करून हवा निघते, शेवटी पाण्याचे चार थेंब थुंकल्यासारखे उडतात, की लगेच बंद. मला त्या सूंऽऽचं फार समाधान वाटायचं. आपण घर चालवतोय असं वाटायचं.

हवा काढली की सिस्टिममधलं प्रेशर उतरतं. बॉयलरच्या पोटाशी एक छोटं गेज आहे. गार असताना काटा एक ते दीड बारमध्ये (बार म्हणजे दाब मोजायचं माप) असावा. तो खाली गेला की दोन नळ उघडून मुख्य लाइनीतलं पाणी आत सोडायचं. फार खाली गेला तर बॉयलर चालायचंच नाकारतो. सुरुवातीला हे मी महिन्यातून एकदा करत होते. मग पंधरवड्यातून. त्या नोव्हेंबरात दर तीन-चार दिवसांनी.

सासूबाईंनी दोनदा मला हे करताना पाहिलं आणि तिसऱ्यांदा ओट्याला टेकून म्हणाल्या, "दर चार दिवसांनी सलाईन चढवतेस. पण जातंय कुठे, ते कोण बघणार?"

मला राग आला. सूनबाईंचा राग असतो तसा, म्हणजे मी नळ जरा जोरात बंद केला. पण प्रश्न बिनतोड होता. बंद सिस्टिम आहे ना? मग पाणी जातंय कुठे?

त्या दिवसापासून वहीत नवा रकाना आला: बीपी. सकाळी हीटिंग सुरू व्हायच्या आधी गेज पाहायचं, आणि रात्री सगळं कडकडीत तापलेलं असताना पुन्हा. पाणी भरल्याच्या दिवशी सकाळी १.४, रात्री २.९. दुसऱ्या सकाळी १.०. तिसऱ्या सकाळी ०.७. "वरचं-खालचं एवढं लांब? हे बीपी बरं नव्हे," त्या म्हणाल्या. त्यांना बार म्हणजे काय हे माहीत नव्हतं, माहीत असण्याची गरजही नव्हती.

आणि मग लाटणं. एका दुपारी मी घरून काम करत होते, मीटिंग चालू होती, आणि जिन्यावरून मला दिसलं की सासूबाई न्हाणीघराच्या दारात जमिनीवर बसल्यात, लाटण्याचं एक टोक रेडिएटरच्या पाइपावर टेकवलंय, दुसरं टोक कानाच्या त्या पुढच्या कुर्चेवर दाबलंय, आणि डोळे मिटलेत. डाव्या मनगटावरचं घड्याळ वर धरलेलं, सवयीनं. मी मीटिंगमधला माझा आवाज बंद करून तशीच उभी राहिले. त्या हलल्या नाहीत. लाटणं एक बोटभर सरकवलं, पुन्हा ऐकलं. मग पाइपाच्या वळणावर. मग जमिनीजवळ. चेहऱ्यावर कसलाही भाव नव्हता. ह्याच चेहऱ्यानं त्या कुठल्या तरी वाडीवरच्या पहिलटकरणीच्या पोटाला कान लावून बसत असतील, आणि घरची चार माणसं दारात उभी राहून त्या चेहऱ्यावरून काही वाचता येतंय का हे बघत असतील.

"ये. ऐक," त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं.

लाटण्यातून घर वेगळंच ऐकू येतं. लाकूड आवाज थेट हाडात पोचवतं. खोलीतली हवा, रस्त्यावरच्या गाड्या, सगळं गळून पडतं. खळखळ होतीच, वरवरची. पण तिच्याखाली, लांबून, दाटसर, न थांबणारं काहीतरी होतं.

"खदखदतंय," त्या म्हणाल्या. "वरण बुडाला लागायला आलं की खदखदतं ना, तसं. इथेच आहे, ह्याच्यात."

मराठीत बाकी कशाचा दुष्काळ असेल, आवाजांचा नाही. भांड्याला भांडं लागलं तरी पितळेचं खण्ण वेगळं आणि स्टीलचं ठण्ण वेगळं. पाणी खळखळतं, झुळझुळतं, खदखदतं. पण आम्ही हे शब्द गोष्टी सांगताना वापरतो, अंगाई म्हणताना वापरतो. त्यांनी बॉयलरचं निदान करता येतं हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. माझ्या मुलीनं त्या आठवड्यात वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःची यादी केली: खदखद, खळखळ, टकटक, धडधड. शाळेत ती "नॉइझी रेडिएटर" एवढंच म्हणाली असती.

धडधडीचं थोडक्यात. सासूबाईंना खोलीतली कोरडी ऊब सोसत नव्हती, म्हणून त्यांनी एका रात्री आपल्या रेडिएटरच्या बाजूची एक ते पाच आकडे असलेली मूठ दोनवर आणली. अर्ध्या तासानं खोलीत कुणीतरी दार बडवावं तसं धडधडायला लागलं. तीनवर नेली की थांबे. पूर्ण बंद केली तरी थांबे. ती मूठ म्हणजे खोलीच्या तापमानाप्रमाणे पाणी कमी-जास्त सोडणारा व्हॉल्व्ह. तसले जुने व्हॉल्व्ह एकाच दिशेनं पाणी घेतात. उलटे बसवले की झाकण मिटत आल्यावर पाणी त्याला मागून दाबून आपटतं, ते स्प्रिंगनं उघडतं, पुन्हा आपटतं. आधीच्या मालकानं तो हौसेनं स्वतः बसवला होता. हे घर घेताना "सगळी कामं मी घरच्या घरी केलीत" असं त्यानं अभिमानानं सांगितलेलं आम्हाला आठवत होतं, आणि त्या वेळी आम्ही कौतुकानं माना डोलावल्या होत्या.

पाणी कुठे जातंय, याचं उत्तर मिळालं ते चिमण्यांमुळे. खरं तर चिमण्या नव्हत्या, रॉबिन होता, पण सासूबाईंच्या लेखी शिळ्या भातावर येणारा कुठलाही लहान पक्षी चिमणीच. भात टाकायला त्या मागच्या अंगणात गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत. मी कोट घेऊन गेले तर त्या भिंतीपुढे वाकून उभ्या. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, विटांतून तांब्याचा एक पाइप बाहेर येऊन पुन्हा भिंतीकडे वळलेला आहे. सहा वर्षांत माझं तिकडे लक्षही गेलं नव्हतं. त्याच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता आणि खालच्या विटांवर पांढरट-हिरवा ओघळ उतरला होता, जुन्या देवळात शंकराच्या पिंडीखाली असतो तसा.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "इथून जातंय तुझं सलाईन."

मग मी इंजिनियरला फोन केला. हे आधीच करायला हवं होतं हे मान्य. इथे गॅसच्या उपकरणाला हात लावायचा तर माणूस गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदलेला असावा लागतो, कायद्यानं; २००९ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ही नोंदणी आहे, त्याआधी वेगळ्या नावानं होती. रेडिएटरची हवा काढणं, प्रेशर भरणं हे घरच्यांनी करायला हरकत नाही. बॉयलरचं झाकण उघडणं नाही.

आला तो साठीचा, उंच, गुडघ्यांवर पॅड बांधलेला, कमी बोलणारा. सासूबाईंनी आधी त्याचं ओळखपत्र मागितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याला बरं वाटलं असावं. त्यानं कार्ड उलटं करून दाखवलं, मागच्या बाजूला त्याला कुठली कामं करायची परवानगी आहे ते छापलेलं असतं. "हे कुणी विचारत नाही," तो म्हणाला. "विचारायला पाहिजे." त्याचे वडीलही ह्याच धंद्यातले. १९६७ ते १९७७ ह्या दहा वर्षांत ब्रिटननं कोळशापासून केलेला गॅस सोडून समुद्राखालचा नैसर्गिक गॅस घेतला, तेव्हा घरोघर जाऊन प्रत्येक शेगडीचे, प्रत्येक हीटरचे बर्नर बदलावे लागले होते. त्याचे वडील त्या कामावर होते.

आवाज कसा येतो, त्यानं विचारलं. आता आली का पंचाईत! खदखद इंग्रजीत कशी सांगायची? मी म्हणाले, डाळ शिजताना भांड्याच्या बुडाला लागायला लागली की येतो तसा.

"केटलिंग," तो लगेच म्हणाला.

मी सासूबाईंना सांगितलं, हे लोक त्याला किटलीचा आवाज म्हणतात. त्यांना पटलं नाही. "किटली कशी? किटलीच्या बुडाला काय लागणार?" मी आमची किटली उघडून दाखवली. रेडिंगचं पाणी खडूच्या खडकातून येतं, अतिशय जड. दोन महिने व्हिनेगर घातलं नाही तर किटलीच्या तळाला पांढरं कवच धरतं. चहावर येणारा तवंग आणि शिजायला कुरकुरणारी तूरडाळ यांवरून पाण्याशी त्यांचं आधीच वाकडं होतं. त्यांनी आत वाकून पाहिलं, नखानं थोडं खरवडलं आणि किटली मान्य केली.

बॉयलरच्या आत ज्या धातूच्या भागातून ज्वाळेची उष्णता पाण्यात उतरते, त्याला आतून क्षार आणि गाळ चिकटला की तिथे पाणी नीट फिरत नाही. तेवढ्या जागी ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, बाजूच्या कमी गरम पाण्यात जाऊन फुटतात. आधण यायच्या आधी पातेलं कुरकुरतं, तेच. म्हणजे सासूबाईंचं शब्दशः बरोबर होतं. बुडाला लागलं होतं.

जागा मात्र चुकली होती. त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक पाइपाला, मूठ कानाला, आणि न्हाणीघरापासून खाली खाली ऐकत आला. मी सासूबाईंकडे पाहिलं; त्या लाटण्याकडे पाहत होत्या. खदखद रेडिएटरात नव्हतीच. बॉयलर न्हाणीघराच्या बरोबर खाली आहे आणि तांब्याचा पाइप आवाज वर नेऊन सोडतो. उगम एकीकडे, ऐकू दुसरीकडे. मी हे भाषांतर करून सांगितल्यावर त्या क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "जुळं असलं की असंच फसायला होतं."

खरी गंमत पुढे होती. त्यानं वहीतले बीपीचे आकडे पाहिले (त्याला मराठी येत नव्हतं, पण आकडे मी वाचून दाखवले) आणि पहिल्यांदा हसला. मग बॉयलरचं झाकण उतरवून मागच्या बाजूचा, मोठ्या परातीएवढा चपटा गोल डबा दाखवला. तापलं की पाणी फुगतं. आमच्या सिस्टिममध्ये शंभरेक लिटर पाणी असेल. ते गार अवस्थेतून सत्तर अंशांवर गेलं की दोन लिटरहून जास्त वाढतं. बंद पाइपांत हे जास्तीचं पाणी मावणार कुठे? त्यासाठी तो डबा. आत रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भरलेली हवा. पाणी फुगलं की हवा दबते, निवलं की हवा त्याला परत लोटते. डब्याला सायकलच्या ट्यूबला असतो तसा वॉल असतो. त्यानं नखानं त्याची पिन दाबली. फुस्स व्हायला हवं होतं. पिचकारीसारखं काळं पाणी आलं आणि त्याच्या बाहीवर उडालं.

पडदा फाटला होता. फाटलेल्या पडद्यामुळे पाण्याला फुगायला जागा नाही, म्हणून रात्री काटा तीन बारकडे चढायचा. तीन बारला सुरक्षेचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेरच्या त्या पाइपातून सोडून देतो. सकाळी निवल्यावर प्रेशर कमी. मग मी पाणी भरायचे. आणि नव्या पाण्याबरोबर नवे क्षार आणि नवा प्राणवायू आत जायचा. क्षारांनी बॉयलरच्या आत कवच धरलं. प्राणवायूनं रेडिएटर आतून गंजले आणि त्याचा काळा गाळ झाला. विरघळलेली हवा पाणी तापल्यावर सुटून न्हाणीघरात सगळ्यात वर जमायची. खळखळ, खदखद, बाहेरचा ओघळ, सगळं एकाच दुखण्याचं. आणि ते दुखणं मी वर्षभर नळ उघडून, सूंऽऽ ऐकून, समाधानानं पोसत होते.

त्यानं हे इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नाही. "किती वेळा भरत होता?" एवढंच विचारलं. मी "अधूनमधून" म्हणाले. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी चार बोटं वर केली. चार दिवसांनी.

नवा डबा मागवून तीन दिवसांनी तो पुन्हा आला. सुरक्षेचा व्हॉल्व्हही बदलला. एकदा गाळ अडकून गळायला लागला की तो नीट मिटत नाही. सिस्टिममध्ये साफ करणारं रसायन घालून फिरवलं आणि पाणी काढायला घेतलं. काचेच्या एका बरणीत त्यानं पहिलं पाणी धरलं. शाईसारखं काळं. "अगंबाई, मशेरीचं पाणी," सासूबाई म्हणाल्या. त्यानं खिशातून लोहचुंबक काढून बरणीला बाहेरून लावलं. क्षणभर काही नाही. मग तो काळेपणा हळूहळू एका बाजूला सरकायला लागला, काचेवर चुंबकाच्या आकाराचा, बारीक केस उभे राहिल्यासारखा जमला, आणि उरलेलं पाणी फिक्या चहासारखं दिसायला लागलं. रेडिएटरचंच लोखंड ते, मॅग्नेटाइट नावाचा काळा गंज होऊन फिरत होतं. माझी मुलगी शाळेतून आल्यावर तासभर ती बरणी आणि चुंबक घेऊन बसली. आता परतीच्या पाइपावर चुंबकाचा एक फिल्टर बसवलाय, आणि पाण्यात गंज रोखणारं रसायन घातलंय. उलटा व्हॉल्व्ह जाता जाता बदलला, दोन्हीकडून पाणी चालेल असा. शेवटी धुराड्याच्या नळीत यंत्राची नळी घालून जळणाचा धूर तपासला. "नाकात नळी घातली," सासूबाईंनी समाधानानं नोंद केली.

जाताना त्यानं एक आवाज सांगून ठेवला जो आमच्याकडे नव्हता. बॉयलर पेटताना भप्प असा दणका आला तर, म्हणजे गॅस साठून उशिरा पेटला तर, ऐकत बसायचं नाही. बंद करायचं आणि बोलवायचं. भप्प सासूबाईंना भाषांतराशिवाय कळलं. काडी शोधेपर्यंत शेगडीचा गॅस चालू ठेवणाऱ्या बायका त्यांनी भुवया जळालेल्या अवस्थेत पाहिल्या आहेत.

जानेवारीत एक आवाज नवा आला. उणे सहाची रात्र होती, सकाळी बॉयलरच्या पोटातून हुक्क्यासारखी गुडगुड आणि मग बंद. हे मात्र मीच ओळखलं. २००५ पासून इंग्लंडमध्ये नवे बॉयलर धुरातली वाफही निववून उष्णता काढून घेणारे लागतात; त्या वाफेचं पाणी प्लास्टिकच्या बारीक पाइपातून बाहेर जातं. तो पाइप गोठला होता, पाणी आत तुंबलं होतं. उकळतं पाणी ओतलं तर प्लास्टिक तडकतं. सासूबाईंनी काही न बोलता आपली कंबर शेकायची रबरी पिशवी आणून दिली, मी ती फडक्यानं पाइपाला बांधली आणि अर्ध्या तासात बर्फ सुटला. वहीत नोंद आहे: "गुडगुड. सर्दी. शेक दिला. बरी."

टकटक तेवढी राहिली. इंजिनियर म्हणाला होता, मागच्या खोलीची जमीन उचकटून खाचा मोठ्या करता येतील, पाइपाखाली फेल्टच्या पट्ट्या घालता येतील. पण वर लॅमिनेट घातलंय, ते सगळं काढावं लागेल. मी खर्च विचारत होते तर सासूबाईंनी हातानं नको म्हटलं. साडेपाचला टकटक झाली की त्या उठत, ती थांबेपर्यंत अंथरुणातच बसून जप करत, आणि खोली ऊबदार झाली की चहा ठेवायला खाली येत. खर्च वाचला म्हणून मीही जोर केला नाही.

एप्रिलमध्ये त्या परत गेल्या. वही स्वयंपाकघरातल्या कपाटात, बॉयलरच्या शेजारी राहिली.

ह्या ऑक्टोबरात घड्याळं मागे गेली त्या आठवड्यात हीटिंग पहिल्यांदा लावलं. पहाटे मी जागीच होते. उठून मागच्या खोलीत गेले, दिवा न लावता पलंगाच्या कडेला बसले. टक्. बराच वेळ काही नाही. टक् टक्. खाली येऊन वही काढली आणि त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं: "५.३४. मागची खोली, जमीन. टकटक. सुरू होताना." पानाचा फोटो काढून त्यांना पाठवला. पाटणला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील.

दोन मिनिटांत उत्तर आलं. "बीपी लिहिलं नाहीस."

मी दिवा लावून गेजपुढे वाकले. १.३.